साडेसात मासे

कारखान्यातून येणारी थर्टी-थर्टी काडतुसातली नेहमीची गोळी १७० ग्रेनची. आपला तोळा इंग्रजांनी १८३३ साली १८० ग्रेनांवर पक्का केला, म्हणजे ही गोळी तोळ्याला दहा ग्रेन कमी. मी गॅरेजमध्ये ओततो ती ११३ ग्रेनची. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा या जुन्या कोष्टकाने ती साडेसात मासे भरते, किंचित जास्तच. अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली तरी फूट, औंस आणि फॅरनहाइटशी माझं सख्य झालेलं नाही. ग्रेनशी मात्र लगेच जमलं, कारण ते माप सोनाराच्या काट्यावरचं. एका पौंडात ७००० ग्रेन. ज्या कामाचं माप इतकं बारीक, त्यात हात हलका लागणार हे उघडच होतं.

माझा उद्योगही हलकेपणाचाच आहे. हरीण पाडण्यासाठी घडवलेल्या रायफलीत इतकं मवाळ काडतूस भरायचं, की पन्नास यार्डांवरचा राजम्याचा रिकामा डबा उडावा, गोळी मागच्या मातीच्या दरडीत रुतावी आणि खांद्याला काही कळूही नये. इकडची मंडळी याला प्लिंकिंग म्हणतात. डबे, लाकडाचे ओंडके, साखळीला टांगलेली पोलादी तबकडी, जे असेल त्यावर नेम धरायचा आणि दुपार घालवायची. शिकार नाही, स्पर्धा नाही, गुण लिहून ठेवायचे नाहीत.

रायफल विंचेस्टर ९४. चापाच्या खाली लोखंडी कडं असतं, म्हणजे लिव्हर. त्यात बोटं घालून ते खाली ढकलायचं आणि परत वर ओढायचं. तेवढ्यात रिकामी पुंगळी बाहेर उडते, पुढचं काडतूस आत जातं आणि घोडा चढलेला राहतो. वेस्टर्न सिनेमात प्रत्येकाच्या हातात असते तसलीच ही, फक्त सिनेमावाल्यांनी १८७० च्या दशकातल्या गोष्टींतही बिनदिक्कत १८९२ सालचं मॉडेल वापरलं आणि प्रेक्षकांनी ते चालवून घेतलं. दोन्ही मॉडेलं एकाच माणसाची, जॉन मोझेस ब्राउनिंगची. त्याचा जन्म १८५५ सालचा, ऑग्डेनचा, म्हणजे मी राहतो त्या गावचा. युटामधलं हे रेल्वेचं जंक्शन, मागे वॉसॅचचे डोंगर, पुढे खारं सरोवर. आता युनियन स्टेशनच्या जुन्या इमारतीत त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. बाप बंदुका दुरुस्त करायचा, पोरगा त्याच दुकानात वाढला. १८८३ साली विंचेस्टर कंपनीचा माणूस न्यू हेवनहून एवढ्या लांब आला आणि त्याच्या एका रायफलीचे हक्क ८००० डॉलरना विकत घेऊन गेला. पुढचं सगळं त्यातून आलं. १८९४ चं मॉडेल सुरू झालं तेव्हा काळ्या दारूची काडतुसं खात होतं. १८९५ साली त्यात थर्टी-थर्टी आलं, बिनधुराच्या नव्या दारूवर चालणारं, आणि त्यासाठी नळीचं पोलादही बदलावं लागलं. २००६ साली न्यू हेवनचा कारखाना बंद झाला तोवर सत्तर लाखांहून जास्त ९४ विकल्या गेल्या होत्या. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाइतकी ती इथे नेहमीची वस्तू आहे.

मी व्हिसावर होतो तोवर, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, मला बंदूक बाळगायची कायद्याने मुभाच नव्हती. ग्रीन कार्ड आलं, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने मला पहिल्यांदा आपल्याबरोबर वाळवंटात नेलं. तो पूर्वी छापखान्यात होता. त्याने हातात रायफल दिली, कारखान्याचं काडतूस भरलं, मी चाप ओढला आणि खांद्यावर कुणीतरी हात मोकळा करून घेतल्यासारखं झालं. १७० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ६७० मीटर वेगाने निघते. हरणासाठी ठीकच आहे. पण शे-दीडशे मीटरवरचं हरीण पाडण्यासाठी जी ताकद लागते ती पत्र्याच्या डब्यावर का खर्च करायची, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडला. वीस काडतुसांच्या डब्याला तीस-चाळीस डॉलर पडतात, हे त्यात धरायचं. म्हाताऱ्याने माझा चेहरा पाहिला आणि दुसऱ्या खिशातून वेगळी काडतुसं काढली. त्यांच्या टोकाला तांबं नव्हतं. शिशाचा करडा रंग, बसकं नाक. ती उडवली तेव्हा आवाज झाला तो दार आपटल्याएवढा, आणि थोड्या वेळाने समोरून टण्ण असं उत्तर आलं.

मला त्या दिवशी वाटलं, याने नुसती दारू कमी घातली असणार. त्यात काय मोठंसं.

आधी शिशाबद्दल. निव्वळ शिसं नखाने ओरखडतं. त्यात अँटिमनी घातलं की कडक होतं, कथील घातलं की साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं. पूर्वी इथे गाड्यांच्या चाकांना तोल साधण्यासाठी शिशाची वजनं लावत, ती टायरवाल्याकडे बादलीच्या भावाने मिळत आणि गोळ्या ओतणाऱ्यांचा संसार त्यावर चाले. आता बऱ्याच राज्यांत त्यांवर बंदी आली. वजनं लोखंडाची किंवा जस्ताची येतात, आणि जस्ताचं एखादं चुकून भांड्यात वितळलं तर सगळा घाणा वाया. शिसं वितळतं ३२७ अंशांवर आणि जस्त ४१९ वर, म्हणून भांडं फार तापू द्यायचं नाही, जस्ताचे तुकडे वर तरंगतात ते झाऱ्याने काढून टाकायचे. म्हाताऱ्याकडे मात्र दुसरी खाण होती, लायनोटाइपची.

ऑटमार मर्गेन्थालरचं ते यंत्र १८८६ साली न्यू यॉर्क ट्रिब्यूनमध्ये पहिल्यांदा रोजच्या कामाला लागलं. खिळे एकेक करून जुळवायच्या ऐवजी कळा दाबल्या की वितळलेल्या धातूची अख्खी ओळच ओतून बाहेर पडायची. धातू म्हणजे शिसं ८४ टक्के, अँटिमनी १२, कथील ४. हे प्रमाण अशासाठी, की ते लवकर वितळतं, लवकर थिजतं आणि थिजताना अक्षराची धार सोडत नाही. १९७० च्या दशकात छापखान्यांनी ऑफसेट घेतलं. न्यू यॉर्क टाइम्सने २ जुलै १९७८ चा अंक गरम धातूवर शेवटचा काढला. गावोगावच्या छापखान्यांतून हा धातू भंगारात निघाला आणि त्यातला कितीतरी गोळ्या ओतणाऱ्यांनी उचलला. आमच्या म्हाताऱ्याने नोकरी सुटताना पगाराच्या थकबाकीऐवजी बादल्याच घेतल्या म्हणे. अजून काही ओळी त्याने वितळवलेल्या नाहीत. एक माझ्या हातात दिली आणि वाच म्हणाला. अक्षरं आरशातली, मला चष्मा लावूनही जमेना; त्याने लांबूनच वाचली. बटाट्याच्या भावाची अर्धी ओळ होती, पुढचा अर्धा भाग आधीच्याच कुठल्यातरी हंगामात दरडीत गेलेला.

मला यात गंमत वाटली ती वेगळीच. आपल्याकडे मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ साली खिळे पाडायचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. तिथले देवनागरी खिळेही शिशाच्याच मिश्रणाचे. त्याच १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दोघांचा कच्चा माल पुष्कळसा एकच. एकाच धातूची पोथी होते आणि गोळीही, याचं कुणाला काही वाटलं असेल असं दिसत नाही. शिशाला स्वतःचं मत नसतं.

तर लायनोटाइप गोळीसाठी उत्तम असणार असं कुणालाही वाटेल. कडक, धारदार, घवघवीत. आणि इथेच हलक्या काडतुसाचा पहिला उलटा न्याय भेटतो. दाब कमी असला की कडक गोळी बुडाशी फुगत नाही. ती फुगली नाही तर नळीला चपखल बसत नाही, फटीतून गरम वायू पुढे सुटतो, गोळीची कड जाळतो आणि नळीच्या आट्यांमध्ये शिशाचा लेप चढवून जातो. लोकांना वाटतं मऊ शिशाने नळी माखते. पुष्कळदा ती अनाठायी कडक शिशाने माखते. म्हणून म्हाताऱ्याच्या सोन्यात मी पाणी घालतो. एक भाग लायनोटाइप, चार भाग जुन्या घरांच्या नळांचं मऊ शिसं. अँटिमनी अडीच टक्क्यांच्या आत येतं, कथील एक टक्क्याच्या आत. चाकांच्या वजनांच्या धातूचं हे मिश्रण जवळचं भावंड.

ओतकाम मी थंडीतही गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून करतो. धुरासाठी म्हणा, शिशासाठी म्हणा, बायकोसाठी म्हणा. विजेचं भांडं वितळलेल्या शिशाने भरलं की वर राखाडी साय धरते. त्यात मेणाचा खडा टाकून ढवळायचं. मेण पेटतं, ज्योत उठते, आणि सायीत अडकलेलं कथील परत खाली जातं. उरते ती काळी मळी, ती काढून डब्यात. साचा ॲल्युमिनियमचा, दोन पाकळ्यांचा, वर पोलादी पट्टी आणि पट्टीला भोक. पहिल्या चार-दोन गोळ्या पहिल्या घावनासारख्या, सुरकुतलेल्या, टाकाऊ. साचा तापेपर्यंत त्या तशाच येणार आणि परत भांड्यात जाणार. मग एकदम लय लागते. ओतलं, वर शिशाची टिकली साचली, ती चकाकती असते ती बघता बघता मंद झाली, की मनात दोन आकडे मोजून लाकडी दांड्याने पट्टी ठोकायची. टिकली तुटते. साचा उघडून ओल्या फडक्यावर नव्हे, कोरड्या फडक्यावर गोळी टाकायची. पाण्याचा एक थेंब भांड्यात पडला तर वाफ होऊन सगळं शिसं अंगावर उडतं. या धंद्यात पाणी नावाची वस्तू वाव दोन वाव लांब. साचा जास्त तापला की गोळीवर बर्फाची खर उठल्यासारखी छटा येते. ती दिसायला वाईट, पण काम देते.

गोळ्या निवडताना नाक कुणी बघत नाही, बूड बघतात. हे शहाणपण डॉ. फ्रँकलिन मॅन यांचं. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचे हे गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर, पण त्यांचं आयुष्य गोळी सरळ का जात नाही या एका प्रश्नामागे गेलं. त्यांनी स्वतःची वेगळी रेंज बांधली, रायफल काँक्रीटच्या चौथऱ्यावर जखडली आणि गोळ्या मुद्दाम बिघडवून उडवल्या. नाकं ठेचली, खरवडली. गोळ्या जवळजवळ तिथेच लागल्या. बुडाची एक कड किंचित तासली, आणि गोळ्या भरकटल्या. १९०९ साली त्यांचं पुस्तक आलं. कारण सोपं आहे: नळीतून बाहेर पडताना शेवटचा निरोप बूड घेतं, आणि ते तिरकं असेल तर एका बाजूने वायू आधी सुटतो आणि जाता जाता धक्का देतो. म्हणून टिकली तुटते ती जागा मी भिंगाखाली बघतो. तिथे खड्डा पडला असेल, मिशी राहिली असेल, तर नाक कितीही देखणं असो, परत भांड्यात.

नाक बसकं ठेवण्याचं कारण मात्र निराळं. या रायफलीत काडतुसं नळीच्या खालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर टेकतं. तिथे टोकदार गोळी ठेवली आणि धक्क्याने टोपी उडाली, तर सगळं तुमच्या डाव्या हाताच्या तळव्यात घडणार. म्हणून थर्टी-थर्टीच्या गोळ्या पूर्वीपासून चपट्या नाकाच्या. माझी साडेसात माशांची तर इतकी बुटकी आणि चपटी, की तिच्या साच्याला इथले लोक सुपाचा डबा म्हणतात. बुटकी म्हणून काडतूसही आखूड होतं, आणि लिव्हर घाईने ओढली तर ते वर येताना कधी कधी अडतं. हळू ओढलं की येतं.

आता दारू. जोरकस काडतूस भरायचं तर त्यासाठी पुस्तकं आहेत. आकडे छापलेले असतात, कमाल कुठे ते सांगितलेलं असतं, त्याच्या थोडं खाली थांबायचं. त्या दारूचा स्वभावच असा, की दाब चढला की ती नीट आणि सारखी जळते, पुंगळी भरलेली असते, हलायला जागा नसते. एका काडतुसाचा वेग दुसऱ्याशी आपोआप जुळतो. खाली यायला लागलं की हे सगळं एकेक करून सुटत जातं. नेहमीची सावकाश जळणारी दारू कमी घातली तर ती अर्धवट जळते, पिवळे दाणे नळीत तसेच उरतात, आणि काही जातींच्या बाबतीत तर कमी घालणं धोक्याचंच. म्हणून शॉटगन-पिस्तुलांसाठीची झटपट जळणारी दारू घ्यायची, चिमूटभर. ती पुंगळीचा पाव हिस्साही भरत नाही. उरलेला पाऊण हिस्सा मोकळा, आणि सगळ्या भानगडी त्या मोकळ्या जागेत.

पहिली भानगड, दारू कुठे लवंडली आहे ही. नळी खाली झुकवून मग नेम धरला तर दारू पुढे, गोळीच्या बुडाशी जाऊन पडते. टोपीची ठिणगी तिच्यापर्यंत उशिरा पोचते आणि वेग पडतो. नळी जरा उचलून हळूच खाली आणली तर दारू मागे राहते आणि तीच काडतुसं जास्त जोरात जातात. वेग मोजायचं यंत्र समोर ठेवलं तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. म्हातारा प्रत्येक वेळी दरडीच्या कडेपर्यंतच नळी उचलतो आणि खाली आणतो, देवाला नमस्कार करावा तितक्या सवयीने. काही लोक दारू जागच्या जागी राहावी म्हणून वर कापसाचा पुंजका घालतात, कपोकचा, म्हणजे आपल्या शेवरीच्या कापसाचा. त्यावर इथे दोन घराणी आहेत. एक म्हणतं याने अचूकपणा येतो, दुसरं म्हणतं याने नळीच्या मुळाशी कडं पडतं आणि रायफल कायमची बाद होते. मी कापसाच्या वाटेला गेलो नाही. उशीत असतो तिथे तो बरा आहे.

दुसरी भानगड गंभीर. चिमूट एवढी लहान, की पुंगळीत दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. जोरकस काडतुसात दुप्पट दारू घालू म्हटलं तरी मावणार नाही, ती ओसंडून आपणच सांगेल. हलक्यात ती मुकाट मावते, आणि दुप्पट म्हणजे हलकं काडतूस राहतच नाही, ते स्फोटक होतं. उलट एखादी पुंगळी रिकामीच राहिली, तर नुसती टोपी गोळीला नळीत थोडं ढकलते आणि तिथेच सोडते. फुसका आवाज होतो. त्या आवाजानंतर जो माणूस न थांबता लिव्हर ओढतो, त्याची नळी फुटते. म्हणून पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, सगळ्या भरून झाल्यावर, गोळी बसवायच्या आधी टॉर्च मारून एकेकीच्या आत डोकवायचं. पन्नासच्या पन्नास तळाशी एकाच पातळीवर दिसल्या पाहिजेत. या वेळी फोन नाही, रेडिओ नाही, आणि माझी मुलगी गॅरेजच्या दारात आली तर तिला ठाऊक आहे की बाबा टॉर्च खाली ठेवेपर्यंत बोलायचं नाही.

ट्रेल बॉस नावाची एक दारू यासाठी वरदान होती. ऑस्ट्रेलियात बनायची, छोट्या छोट्या मेदूवड्यांच्या आकाराचे दाणे, मधे भोक, त्यामुळे वजनाला हलकी आणि फुगीर. थोडी घातली तरी पुंगळी पुष्कळशी भरायची. दोनदा घातली तर सांडायची. जुन्या पद्धतीच्या काउबॉय नेमबाजीसाठी काढलेली ती दारू गेली काही वर्षं दुकानांत दिसेनाशी झाली. म्हाताऱ्याकडे एक अर्धा डबा आहे. तो त्याबद्दल बोलत नाही आणि मी विचारत नाही. माझ्या वाट्याला युनिक आली, १९०० च्या सुमारापासून बाजारात असलेली, थोडी घाण करणारी, पण दिलेला शब्द पाळणारी. माझा आकडा इथे लिहीत नाही. आकडा पुस्तकातून घ्यावा, लेखातून घेऊ नये.

हे सगळं बसल्यावर वेग येतो सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. गोळी हवेला फाडत जाताना चाबूक ओढल्यासारखा जो आवाज होतो, तो त्यामुळे होत नाही. कारखान्याच्या काडतुसाच्या जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी ऊर्जा. तरी कानांना बोंडं लावायचीच, आणि तरी ही गोळी माणसाला मारू शकते, हे विसरायचं नाही. रिकामी पुंगळी बाहेर पडली की तिच्या बुडाकडे बघण्यासारखं असतं. टोपी किंचित बाहेर आलेली असते, नखाला लागते. जोरकस काडतुसातही टोपी सुरुवातीला अशीच मागे सरकते, पण मग दाब पुंगळीलाच मागे रेटतो आणि टोपी परत आत बसते. पुरावा उरत नाही. इथे दाबात तेवढं बळ नसतं, म्हणून घडलेली गोष्ट तशीच दिसत राहते. नवशिके ही बाहेर आलेली टोपी बघून घाबरतात, दाब फार झाला म्हणतात. झालेला असतो कमी.

नेमाचंही गणित बदलतं. मागच्या माशीखाली पायऱ्यांची पट्टी असते. ती कारखान्याच्या गोळीसाठी सर्वांत खालच्या पायरीवर आणि माझ्यासाठी वर चढवावी लागते, कारण माझी गोळी वाटेत निवांत पडत जाते. शंभर यार्डांवर तबकडी लावली तर चाप ओढल्यापासून टण्ण ऐकू येईपर्यंत निम्म्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ जातो. त्यात गोळी लागली का नाही याचा अंदाज बांधता येतो, बरोबर येणाऱ्यांशी नजरानजर होते. कारखान्याच्या काडतुसाला एवढी फुरसत नसते. शिवाय धक्क्यातून सावरेपर्यंत तबकडी काय म्हणाली ते निसटून गेलेलं असतं.

शिशाचं काय, असं कुणी विचारलं तर उत्तर पूर्ण नाही. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंद केली, कारण शिकाऱ्यांनी टाकलेली आतडी खाऊन तिथली काँडोर गिधाडं शिशाने मरत होती. डब्यावर झाडलेली गोळी कुणाच्या पोटात जात नाही, ती दरडीत राहते, पण राहते. आम्ही दरड खणून मिळेल तेवढं शिसं परत आणतो, अर्थात ते फुकट मिळतं म्हणूनही. वर्षातून एकदा रक्त तपासून घेतो. ओतकामाचे कपडे वेगळे, ते वेगळे धुवायचे. घरात शिरताना बायको विचारत नाही, "झालं का?" ती म्हणते, "कोपरापर्यंत."

आणि हेही लिहायला हवं. मुलीच्या शाळेत वर्षातून काही वेळा बंदूकधारी आला तर काय करायचं याची तालीम होते. दिवे बंद, दाराला कडी, मुलं कोपऱ्यात जमिनीवर. ती घरी येऊन हे जेवणाच्या टेबलावर गृहपाठाबद्दल सांगावं तसं सांगते, आणि भिंतीपलीकडच्या तिजोरीत माझी रायफल असते. दोन कुलपं, काडतुसं वेगळी, किल्ली माझ्याकडे. या देशात बंदूक मिळणं इतकं सोपं असू नये, असं माझं मत रायफल घेण्याआधी होतं आणि आजही आहे. म्हाताऱ्याचं मत उलट आहे. वाळवंटात जाताना-येताना आम्ही त्यावर भांडतो, रेंजवर पोचल्यावर थांबतो. माझी गोळी हलकी आहे म्हणून मी वेगळा ठरतो असं मला वाटत नाही. एवढं मात्र खरं, की टॉर्च घेऊन पुंगळीत डोकावताना बंदुकीबद्दलची जी भीती मनात असते ती मला हवीशी वाटते, आणि बंदुकीच्या दुकानातल्या भिंती बघताना ती कुणाच्याच चेहऱ्यावर दिसत नाही.

माझे मामा कुडाळजवळ राहतात. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे आणि त्यावर ठासणीची बंदूक. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. भातात डुक्कर शिरतं ते आचारसंहिता बघून शिरत नाही, ही त्यांची तक्रार. दारू, त्यावर चिंध्या, त्यावर शिशाचे तुकडे, गजाने ठासायचं, टोपी लावायची. मवाळ भरण हा विचारच त्यांच्या आयुष्यात कधी आलेला नाही. भरण म्हणजे डुक्कर जागेवर बसलं पाहिजे. परवा फोनवर त्यांना मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो, लायनोटाइप, मिलफर्डचे डॉक्टर, वेग मोजायचं यंत्र. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तेनी डुकर मरतलो काय रे?"

"नाय, मामा."

"माकडां तरी पळतली? आवाजान?"

"आवाज पण फारसो नाय."

"मगे इतको खटाटोप कित्याक?"

मी म्हटलं, राजम्याचा डबा पडतो. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मामा म्हणाले, "घे, मामीवांगडा बोल."